आईच्या हातचं तेल

डॉ. आन्या रणदिवे यांना,

आडनाव मराठी असूनही तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच खरं लिहितोय. तुम्हाला सांगितलं तसा मी बाथरूममध्ये घसरलो नव्हतो.

तुम्ही गुडघ्यात हाडांमधली नवी गादी, नवी कूर्चा बसवलीत आणि सहा आठवडे पाय वाकवू नका म्हणालात. तिसऱ्या आठवड्यात आई सांगलीहून इथे परदेशात, माझ्याकडे पार्सिपनीला आली. आल्याआल्या तिने पाय ताठ ठेवणारा ब्रेस सोडला, कोमट तेलाने चोळत गुडघा पार दुमडला. वीस तास प्रवास करून आलेल्या बाईला थांब म्हणवेना. आत काहीतरी सुटलं, तरी मी म्हणालो, "आई, बरं वाटतंय."

कूर्चा निखळलीय, हे तुम्ही स्कॅनमध्ये पाहिलंतच. तिला माहीत नाही. परवा ती परत जातेय, आणि एअरपोर्टवर तिला मला कुबड्यांशिवाय चालताना बघायचंय.

मी चालणार आहे, डॉक्टर. मला थांबवा ना.

तुमचा खोटारडा पेशंट,
यशोधन