गेटबाहेरची सांबारवडी

२८ नोव्हेंबर
कॉलेज सोडलं. बीबीए, दुसरं वर्ष, अर्ध्यातून. कायमचं.

उत्तमसिंग सर 'मेक ऑर बाय' शिकवत होते. वस्तू स्वतः बनवायची की दुसऱ्याकडून आयती घ्यायची, यावर अख्खा धडा! मी म्हटलं, सर, आयतं घेऊन इकते त्याले आमच्या आर्णीत दलाल म्हणते, त्याच्यासाठी फी कायले भरायची? सर म्हणाले, कपिल, तू आधी एखादी वस्तू विकून दाखव. वर्ग हसला. ऋतिक हसला ते ठीक, त्याला तेवढंच येतं. पण सुरभीसुद्धा हसली. मग मी बॅग उचलली आणि दारातून ओरडलो, याच गेटच्या बाहेर बिझनेस करून दाखवतो, आत पुन्हा पाय ठेवणार नाही! सुरभीचं हसू तिथेच थांबलं. परिणाम झालेला दिसला.

बॅग ऋतिकची निघाली. उद्या माझा दोस्त आसिम, त्याच्या हाती परत पाठवणार.

३० नोव्हेंबर
बाबांना सांगितलं. म्हणाले, मंग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाय, गोण्या उचल. दूरदृष्टी शून्य. आईने फक्त विचारलं, जेवला काय रे.

ठराव: पहाटे पाचला उठणे. बिझनेस शोधणे. सुरभीचं स्टेटस न पाहणे.

१ डिसेंबर, सकाळी साडेदहा
उठलो. सुरभीच्या स्टेटसवर सूर्योदय. म्हणजे ती पाचला उठते. आमच्यापैकी एकाने तरी ठराव पाळला.

२२ डिसेंबर
बिझनेस मार्केट रिसर्चच्या टप्प्यात आहे. रिसर्च आसिमच्या अब्बांच्या गॅरेजसमोर बसून चालतो. आसिम म्हणतो, भाई, तू बैठ के रिसर्चच करून राह्यला, जरा वो पाना तो दे. दहावीनंतर शिकला नाही बिचारा. त्याच्याशी वैचारिक बोलता येत नाही.

बातमी त्यानेच आणली. १८ जानेवारीला कॉलेजात आनंद मेळावा. बीबीएच्या प्रत्येक ग्रुपने खाण्याचा स्टॉल लावायचा, नफ्यावर मार्क. सुरभी आणि ऋतिक एकाच ग्रुपमध्ये. ऋतिक म्हणे ब्लेझर शिवून राह्यला. भजी तळायला ब्लेझर! हे उद्याचे उद्योगपती.

त्याच दिवशी, त्याच गेटबाहेर, माझी गाडी लागणार. सुरभी बघेल की खरा धंदा कशाला म्हणतात. पुढचं ती समजून घेईल. हुशार आहे.

१० जानेवारी
वस्तू ठरली. सांबारवडी. पुणेवाले ज्याला कोथिंबीर म्हणतात ते आमचं सांबार. थंडीत बाजारात नुसते ढीग. ते मसाल्यात परतून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं, सोबत कढी. आईच्या हातची सांबारवडी खाऊन बाबांचे भांडखोर भाऊसुद्धा गप्प बसतात.

कामाची वाटणी: आई प्रॉडक्शन, मी मॅनेजमेंट. आई म्हणाली, मंग मॅनेजमेंटनं सांबार निवडून द्यावं. म्हटलं, आई, मालक सांबार निवडत नसतो.

निवडलं.

१७ जानेवारी
तिकडे पोरं पीपीटी बनवून राह्यली. कागदावर स्वॉट अ‍ॅनालिसिस, बजेट, टार्गेट कस्टमर. एकालाही गॅस पेटवता येत नाही. इकडे आमच्या घरी सारण तयार.

उद्या मॅनेजमेंट चारला उठणार. आईला सांगून ठेवलं आहे.

१८ जानेवारी, संध्याकाळी
आईने चारला उठवलं. पाचला उठवलं. सहाला बाबांनी उठवलं. तोवर वड्या तळून झाल्या होत्या. चोख नियोजन.

आसिमने मामूची हातगाडी आणली. गेटवरचा चौकीदार रामसिंग म्हणाला, आयकार्ड नाई त आत जाता येनार नाई. म्हटलं, काका, मले जायचंच नाई आत, तुम्ही जाऊ दिलं तरी. तो म्हणे, मी जाऊ देतच नाई ना.

मेळावा सुरू व्हायच्या आधीच सुरभी बाहेर आली. थेट माझ्या गाडीकडे. एक वडी खाल्ली. डोळे मिटले. विचारलं, काकूच्या हातच्या हायेत ना? मी मान हलवली. म्हणाली, सगळ्या दे. कढी पण. पातेल्यासकट.

सगळ्या!

तिने मागायच्या आधी मी भाव कमी केला. पातेलं न्यायला ऋतिक आला, ब्लेझर घालून. कढी त्याच्या बाहीवर सांडली. देव आहे. जाताना सुरभी म्हणाली, थँक्यू कपिल, तू नसता तर आज माझं काही खरं नव्हतं. शब्दशः लिहून ठेवतो.

पहिल्याच गिऱ्हाइकात माल साफ. आसिम म्हणतो, इत्ती वड्या अकेली खायेगी क्या? म्हटलं, प्रेमात माणूस हिशोब करत नाही. म्हणे, भूक का तो करताय ना बे.

याला काय कळणार.

१९ जानेवारी
सुरभीचं स्टेटस. हातात ट्रॉफी, मागे बॅनर: 'सुरभीज् सांबारवडी. घरची चव.' कोणाच्या घरची ते लिहिलेलं नाही. दुप्पट भावाने विकल्या. पहिला नंबर. पीपीटीची शेवटची स्लाइड: मेक ऑर बाय? बाय! उत्तमसिंग सर उभे राहून टाळ्या वाजवताना. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'पुरवठादार: स्थानिक'.

स्थानिक!

दलाल! फसवणूक! फोन नंबर डिलीट केला.

दुपारी
शांतपणे विचार केला. नाव न लिहिण्यामागे कारण असणार. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

नंबर पाठ होताच. पुन्हा सेव्ह केला.

२ फेब्रुवारी
सुरभीचा फोन! उद्या घरी येऊ काय, काकू असतीन ना? म्हणजे आईलाच भेटायचं आहे. गोष्ट इथपर्यंत आली. दाढी केली. बाबांना इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितलं.

३ फेब्रुवारी
आली. आईच्या पाया पडली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. म्हणे, कोन्या कार्यक्रमाचं हाय बे हे? म्हटलं, बाबा, शांत बसा, आज तुम्ही वरबाप आहात.

कार्यक्रम तिच्या बहिणीच्या हळदीचा निघाला. महागावला. सांबारवडीची ऑर्डर. यापुढे आई बनवणार, सुरभी गिऱ्हाईक आणणार, भाव दोघींनी मिळून ठरवला. माझ्याशी एकच वाक्य बोलली, कपिल, एक गिलास पाणी देतो काय.

दिलं. थंड दिलं.

नंतर आईला म्हटलं, मॅनेजमेंटला न विचारता व्यवहार? आई म्हणाली, मेळाव्याच्या दिवशी पहाटे चारला इचारलं होतं ना बाप्पा. मॅनेजमेंट घोरून राह्यलं होतं.

२० एप्रिल
सांबार महागलं तशा आई आणि सुरभी कुरडया-पापडावर गेल्या. अंगणात वाळवण, दारात गिऱ्हाईक. माझ्याकडे डिलिव्हरी, म्हणजे कंपनीचा चेहरा.

आज एक बाई म्हणाली, पापड जाड हायेत. मी म्हटलं, मंग सोताच लाटा. तिने ऑर्डर परत केली. गेल्या हप्त्यात एकाच्या कुरडया त्याच्या शेजाऱ्याला दिल्या होत्या, तीही गोष्ट आजच निघाली. सुरभी माझ्या समोर आईला म्हणाली, काकू, याले पुन्हा कॉलेजात टाका. धंद्यात आडवा येऊन राह्यला हा. आईने मान डोलावली. बाबांनीही. या घरात पहिल्यांदाच एकमत झालं, तेही बाहेरच्या मुलीने करवलं. फी आई भरणार म्हणे, पापडाच्या कमाईतून.

मी स्पष्ट सांगितलं, मेलो तरी त्या गेटच्या आत पाय ठेवणार नाही.

१५ जुलै
कॉलेजला मागूनही एक गेट आहे. तिथून गेलो.

दुसरं वर्ष, सगळी नवी पोरं. सुरभी तिसऱ्या वर्षाला. व्हरांड्यात दिसली, म्हणाली, काकूले सांग, शनिवारची ऑर्डर पक्की. बस.

पहिलाच तास उत्तमसिंग सरांचा. मला बघितलं आणि हजेरी घेतली. 'मेक ऑर बाय' दिवाळीनंतर येतो, पण उदाहरण आजच देतो म्हणाले. आपल्याच कॉलेजची एक मुलगी, तिचा स्टॉल, आणि गेटबाहेरचा एक सांबारवडीवाला. सर म्हणाले, त्याचा माल उत्तम. आत चार पावलांवर बाजार भरणार होता. तरी सगळा माल त्याने पडत्या भावात एकाच गिऱ्हाइकाला दिला आणि एवढ्या वड्या कशाला पाहिजेत हे विचारलंसुद्धा नाही. काहून विचारलं नसेल?

पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, सर, प्रेमात असंल!

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जोरात. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

शेजारी नेमसिंग नावाचा पोरगा बसतो. डोळे पुसत कानाशी येऊन म्हणाला, कोन असंल बे तो येडा?

म्हटलं, होता एक, आर्णीचाच. कॉलेज सोडून गेलता.

नेमसिंग म्हणाला, बरं झालं. नाई त आपल्याच बाकावर येऊन बसला असता.