युकुलेल्यात कापूस

आदरणीय मेहुणेबुवांस,

साधा नमस्कार. साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, आणि सध्या मनही वाकत नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं धरू नये. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आणि गेल्या आठवड्यापासून आपल्या मागच्या खोलीत जी पाहुणी उतरली आहे (आपली सख्खी धाकटी बहीण आणि माझी लग्नाची बायको, दोन्ही एकच), तिची तब्येत कशी आहे? मी फोन केला की आपण उचलता आणि ती झोपली आहे म्हणता. भर सकाळी? माझ्या घरात सूर्य वर आल्यावर तिला झोपलेली मी कधी पाहिली नाही. तिला बरं नसेल तर डॉक्टरला दाखवा, आणि बरं असेल तर खोटं बोलू नका. या वयात आपल्याला ते शोभत नाही आणि जमतही नाही. काल मागून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "सांग, आंघोळीला गेलेय," असं ती म्हणाली, आणि आपण तरीही झोपच सांगितलीत. निदान बहीणभावांनी आधी एक काहीतरी ठरवावं.

तिने आपले कान किती भरले असतील याचा मला अंदाज आहे, म्हणून माझी बाजू लिहून पाठवतो. माझं शिक्षण बेताचं, अक्षर त्याहून बेताचं, पण मजकूर खरा आहे. हे पत्र तिला दाखवू नका. (दाखवलंत तर सगळं दाखवा, मधलंच पान नको.)

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या वरच्या मजल्यावरची बाई आहे. सगळे तिला सूरबाई म्हणतात. निवृत्त नर्स. आयुष्यभर लोकांना सुया टोचून हौस फिटली नाही म्हणून आता साठीच्या पुढच्या बायकांना युकुलेले शिकवते. आपण युकुलेले पाहिलं नसेल. गिटार लहानपणी आजारी पडून वाढायची राहिली तर जशी दिसेल, तसं ते दिसतं. चार तारा, पोटाला एक भोक, आणि तान्ह्या पोरासारखं कुशीत घेऊन वाजवायचं. आपली बहीण तिथे नुसती बघायला म्हणून गेली आणि उसनं युकुलेले घेऊन खाली आली. मग रोज दुपारी टुंग टुंग टुंग. बोटांची टोकं लाल झाली, तर ती मला पदक मिळाल्यासारखी दाखवायची. मी म्हटलं, मलम लाव. झालं, तोंड एवढंसं झालं. मलम लाव म्हणण्यात काय वाईट आहे ते आपणच सांगा.

उसनं वाद्य परत करायची वेळ आली, आणि महिनाअखेरीला खालच्या हॉलमध्ये सगळ्या बायका मिळून वाजवणार होत्या. तेव्हा स्वतःचं हवं. सूरबाईंनी सांगितलं होतं की शिकणाऱ्याला महागाचं नको, स्वस्तातलं चालेल, फक्त तारा पिळायच्या खुंट्या दातेरी चाकाच्या बघा, तारा दांडीवरच्या पडद्यांपासून, म्हणजे त्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच नसाव्यात, वरची फळी पातळ असावी आणि मोठ्या माणसाच्या बोटांना मधला आकार बरा. आपली बहीण म्हणाली, आपण दोघं जाऊ, वाजवून बघू आणि आणू. मी म्हटलं, तू कशाला तंगडतोड करतेस, खोकं निवडायला मला कोणी शिकवायची गरज नाही.

आणि नाहीच आहे! माझा जन्म काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेला. दिव्यांच्या हंड्या, बरण्या, आरसे, सगळं माझ्या लाकडी खोक्यांतून जगभर गेलं. आमच्या खात्याचा एकच कायदा होता. भरलेलं खोकं उचलायचं, कानाशी धरायचं, हलवायचं. आवाज आला, की खोकं उघडून पुन्हा भरायचं. मी निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की यांच्या खोक्यातून कधी चकार शब्द निघाला नाही. (ते भाषण आपल्या बहिणीने पुढच्या रांगेत बसून ऐकलं आहे, तिला विचारा.)

तर मी दुकानात गेलो. लांबलचक, अंधारं दुकान, भिंतीवर युकुलेली वाळत घातल्यासारखी टांगलेली. दुकानदार जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात. मी एकेक खाली काढायला लावलं आणि बोटाने ठोकून पाहिलं. मेहुणेबुवा, सगळी पोकळ! आणि हा माणूस एकेकाची फळी किती पातळ आहे ते अभिमानाने सांगतो. आमच्या खात्यात एवढी पातळ फळी कोणी लावली असती तर त्याला दारातून आत घेतलं नसतं. मी विचारलं, जाड नाही का? तो म्हणाला, "काका, जाड घेतलंत तर बोलणार नाही ते." मी म्हटलं, मला तेच हवंय. शेवटी त्याने माळ्यावरून एक काढलं. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, प्लायवूड चांगलं भक्कम, वर निळा डॉल्फिन काढलेला. खुंट्यांना दातेरी चाकं नव्हती, हेही मला आवडलं. जेवढे भाग कमी तेवढी मोडतोड कमी. हा सरळ हिशोब आहे, यात कोणाला शहाणपण दिसत नसेल तर माझा इलाज नाही.

आपल्या बहिणीने ते पाहिलं. डॉल्फिनवरून हात फिरवला आणि म्हणाली, असू दे. मग वाजवायला बसली, तर तारा उतरायच्या. खुंटी पिळून वर चढवली की पुन्हा उतरायच्या. मला ते बघवेना. रात्री झोप लागेना की हॉलमध्ये बायकांसमोर हिच्या तारा सुटल्या तर? शिवाय आतमध्ये एक लाकडाची कपची राहिली होती, ती खुळखुळायची. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, खोकं खुळखुळतंय! म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी काम हाती घेतलं. चारही तारा ताणून खुंट्यांच्या बुडाशी सरस भरला. आता सुटून दाखव म्हटलं. भोकातून कापूस आणि कागदाचे बोळे घालून आतली पोकळी नीट भरून काढली. झुरळं शिरू नयेत म्हणून भोकावर जाळी ठोकली. कानाशी धरून हलवलं. गप्प! एवढं चांगलं काम माझ्या हातून निवृत्तीनंतर झालं नव्हतं. शेवटी कारखान्यातला जुना पत्र्याचा छाप सापडला म्हणून पाठीवर काळ्या रंगात बाण काढून "हा भाग वर" आणि त्याखाली "आपटू नये" असं उमटवलं. मग पिशवीत घालून दाराशी ठेवलं.

पुढचं आपण ऐकलंच असेल. हॉलमध्ये मी मागे बसलो होतो. सूरबाईंनी मान हलवली, सगळ्या बायकांनी एकदम हात मारला, आणि आपल्या बहिणीच्या युकुलेल्यातून गादी झटकल्यासारखा आवाज आला. तिने पुन्हा हात मारला. पुन्हा गादी. मग तिने ते उलटं करून पाहिलं आणि पाठीवरची अक्षरं सगळ्या हॉलला दिसली. बायका डोळ्यांना पदर लावून हसल्या. (अक्षरं मात्र ओळीत आली होती, एकही वाकडं नव्हतं.) ती हसली नाही, रडली नाही. युकुलेले खुर्चीखाली ठेवलं आणि शेवटपर्यंत दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसली. मला वाटलं, मिटलं. घरी आल्यावर तिने बॅग काढली आणि एकच वाक्य बोलली, "या घरात जे जे वाजतं, ते तुम्ही गप्प करता."

मेहुणेबुवा, हा आरोप आहे, आणि तो खोटा आहे. मी काय गप्प केलं? दारावरच्या घंटीला फडकं बांधलं, कारण ती वाजली की माझ्या छातीत धस्स होतं. खुर्च्यांच्या पायांना जाड बनातीचे तुकडे चिकटवले, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. घड्याळाचा टोल काढला, कारण वेळ डोळ्यांनी दिसते. दरवाजाच्या बिजागरीला दर रविवारी तेल घालतो, याचं तर कोणीही कौतुकच करेल. आणि पूर्वी ती स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं होतं की कुठे दुखतंय का. काळजीने विचारलं! विचारणं हा गुन्हा आहे? त्यानंतर ती गुणगुणायची थांबली, त्याला मी काय करू? मी थांब म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते युकुलेले घेऊन दुकानदाराच्या अंगावर गेलो. त्याने जाळीतून बॅटरी मारून आत पाहिलं, आणि आतल्या खोलीतून बायकोला बोलावलं. तिनेही पाहिलं. मग ती दोघं एकमेकांना धरून हसली. मी खूप बोललो. म्हटलं, पोकळ वस्तू विकता आणि वर हसता? त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, ते पोकळ आहे म्हणूनच तर आहे. तुम्ही भरलंत, आता बिचारं बोलणार कुठून?" मी म्हटलं, मला धडे देऊ नका. त्याने ते परत घेतलं नाही. चिमट्याने कापूस मी बराच काढला आहे, पण सरस माझ्या हातचा आहे, तो निघणार नाही. त्या दुकानातून मी ताठ मानेने बाहेर पडलो.

तर या प्रकरणात माझी काडीची चूक नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. आपण थोरले आहात. बहिणीला चार शब्द सांगायचे सोडून तिला झोपलेली दाखवता, याचा मी निषेध करतो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आपला (नाइलाजाने),
आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. ताठ मानेने बाहेर पडलो हे खरं आहे. रिकाम्या हाताने पडलो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मधल्या आकाराचं आहे, डॉल्फिन नाही. फळी इतकी पातळ की मला हात लावायची भीती वाटते. खुंट्या दातेरी, तारा खाली, पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवून पाहिलं, टोचत नाहीत. सगळी युकुलेली त्याच्याकडून वाजवून घेतली, तो दमला. आता काम असं आहे: पडद्यांमधली जागा बोटांना अपुरी पडली तर तो बदलून थोडं मोठं देणार आहे. म्हणून वहिनींना सांगून तिचा डावा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून घ्या आणि तो कागद मला पाठवा. हातमोजे विणायचेत म्हणून सांगा. माप सकाळचं घ्या, तेव्हा तिच्या बोटांची पेरं सुजलेली असतात.

पुन्हा ता. क. नव्या तारा ताणल्या जातात, रोज वाजवून पुन्हा चढवल्याशिवाय सुरात बसत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. म्हणून मी रोज सकाळी वाजवतो. खालच्या मजल्यावरचा गृहस्थ आवाजाची तक्रार घेऊन आला होता. त्याला म्हटलं, माझ्याकडे कापूस उरलाय, देऊ का कानात घालायला?

आणखी एक. पेन्सिल तिरकी धरली गेली तर माप चुकतं, आणि वहिनींचा हात कापतो. त्यापेक्षा हातच पाठवून द्या, बरोबर माणसासकट. मी घंटीचं फडकं सोडलंय, पण इतक्या वर्षांत ती आतून गंजली, वाजत नाही. बिजागरीला तेल घालणं बंद केलंय, पण माझं काम पक्कं, ती अजून कुरकुरायला तयार नाही. तेव्हा तिला म्हणावं, येशील तेव्हा कडी वाजव. जोरात वाजव. मी दाराजवळच बसलेला असतो.