घंटाभरात येऊन राहिलं

प्रिय जयवंताताई,

सकाळपासून तीनदा तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत कापला. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

रुपरावभाऊजी गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "धम्मा होता म्हणून विमानतळावर धीर आला. दिवसभर चहापाणी पाहिलं पोरानं." मी मान खाली घालून खीर वाढत होतो. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तू रामटेकहून पहाटेच निघाली होतीस. भाऊजी शारजात इमारतीच्या परांचीवरून पडले होते आणि डॉक्टरांनी लवकर या म्हटलं होतं. विमान साडेनऊचं. विमान कंपनीच्या काउंटरवर मी दिसलो तेव्हा तुझा चेहरा किती सैल झाला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुझ्याच घरी राहून मी दहावी झालो, तुझ्याच हातचं खाल्लं. तुला वाटलं, आपला माणूस आहे.

आठ वाजून वीस मिनिटांनी आमच्या ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज आला होता. विमान शारजातच बिघडलंय, इथून संध्याकाळपर्यंत निघणार नाही. प्रवाशांना एकेक तासाचाच उशीर सांगा. खरं तर सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं हवं ते प्रवाशाला निवडू द्यावं लागतं. हा नियम मला पाठ आहे, ट्रेनिंगमध्ये मीच घडाघडा म्हणून दाखवला होता. पण पुढच्याच आठवड्यात आम्हा कंत्राटी पोरांतून दोघांना पक्कं करणार होते.

दहा वाजता तू काउंटरवर वाकून विचारलंस, "धम्मा, खरं सांग गा. मुंबईवरून जाऊ का मी?"

साडेअकराच्या मुंबईच्या विमानात जागा होत्या. पुढच्या शारजाच्या विमानातही होत्या. मी स्वतः स्क्रीनवर पाहिल्या होत्या. तू संध्याकाळी सहापर्यंत दवाखान्यात पोचली असतीस. आणि मी म्हणालो, "थांब वं ताई, घंटाभरात येऊन राहिलं."

तू माझ्यावर विश्वास ठेवून खुर्चीवर जाऊन बसलीस. नंतर प्रत्येक तासाला मी तेच सांगत राहिलो. दुपारी तू डबा उघडून अर्धी भाकर माझ्यापुढे केलीस. मी ती खाल्लीसुद्धा.

विमान रात्री आठला उडालं. भाऊजी तोवर शुद्धीवर होते, दाराकडे बघत होते, असं त्यांच्या खोलीतल्या सोबत्यानं तुला सांगितलं. ते गेले तेव्हा तू आभाळात होतीस.

मला पक्कं केलं, ताई. त्या पेढ्यांचा डबा मी तुझ्याकडे आणला नाही. काहून, ते आता तुला कळलं असेल.

काल ऑफिसात ऐकलं की उशिराबद्दल तू केलेल्या तक्रारीवर कंपनीनं उत्तर तयार केलंय: "प्रवाशाला पर्याय दिला होता, तिनं स्वतःहून थांबणं पसंत केलं." सोमवारी त्यांचा माणूस तसा कागद घेऊन रामटेकला येणार आहे. त्यावर सही करू नकोस. मॅनेजरच्या मेसेजचे फोटो आणि माझा सहीचा जबाब या पाकिटात ठेवलाय. ग्राहक आयोगात उभा राहून मी हेच सांगेन, नोकरी राहो की जावो. त्यानंतर मला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
धम्मानंद