उताऱ्यात आहे तेवढंच

सोमवार, ३
नोटीस लागली. भाषेच्या सगळ्या शिक्षकांची येत्या शनिवारी आकलन चाचणी. पंचवीसपैकी पंधराच्या खाली गेलं की दहावीचा वर्ग गेला. मला काय त्याचं! सत्तावीस वर्षं दहावीला उतारे शिकवतेय. नोटीस चार वेळा वाचली, टाइप बारीक होता.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून एक उतारा सोडवणे.

मंगळवार, ४
साडेसहाला उठले. गजर वाजला होता, पण उठावं असा वाजला नाही.

बुधवार, ५
अलंकार तोंडपाठ. जेवताना हे म्हणाले, मास्तरीणबाईंचे डोळे म्हणजे तापलेल्या सळया, ओळख अलंकार. रूपक, मी ताडकन सांगितलं. मग लक्षात आलं. ह्यांचं ताट उचलून नेलं.
नेताना हातातून वाटी पडली. वाटी बुळबुळीत होती.

गुरुवार, ६
शेजारच्या टेबलावरची नवी बाई, माझीच जुनी विद्यार्थिनी, विचारत होती, बाई, उतारे एकत्र वाचूया का? म्हटलं, माझी पद्धत विसरलीस? आधी प्रश्न. प्रश्नातला शब्द उताऱ्यात गाठायचा, ते वाक्य उतरवायचं. अख्खा उतारा वाचत बसायला वेळ कुणाला आहे? ती आपली वही घेऊन खिडकीशी जाऊन बसली. पटलं असणार.
डबा तसाच परत आणला. हवाच तशी आहे.

शुक्रवार, ७
पोट बिघडलंय. काल दिवसभर काही खाल्लं नव्हतं, तरी अन्नाचाच दोष असावा. परीक्षेचा संबंध नाही.
पाच उतारे राहिलेत. ते उद्या सकाळी एकदम.

शनिवार, ८, दुपार
उतारे राहिले. पण पेपर सोपा! म्हाताऱ्या वडिलांचं मुलीला पत्र. प्रश्न : वडिलांना काय हवं आहे? तिसऱ्याच ओळीत सापडलं : 'तू येऊ नकोस, मी मजेत आहे.' उत्तर लिहिलं, मुलीने येऊ नये. बाकी नुसता फापटपसारा. गाड्यांच्या वेळा काय, तुझी खोली झाडून ठेवलीय काय.
सगळ्यांत आधी पेपर दिला. नवी बाई डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, बाई, किती वाईट वाटलं हो! म्हटलं, अगं, माणूस स्वतः मजेत आहे म्हणतोय, तू कोण रडणारी?

सोमवार, १०, सकाळ
अलंकार दहापैकी दहा. आकलन पंधरापैकी तीन.
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. मी उभीच राहिले. खुर्ची डगमगत होती. त्यांनी विचारलं, गाड्यांच्या वेळा त्यांनी कशाला लिहिल्या असतील? म्हटलं, माहितीसाठी. त्यांनी माझ्या पेपरवर पेपरवेट ठेवला.
दहावी नव्या बाईकडे. मी महिनाभर तिच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं. मुलांबरोबर. वही घेऊन.

सोमवार, १०, संध्याकाळ
घाबरलेबिबरले नाही. मुलं हसतील, हसू देत.
नव्या बाईला फोन करून बजावलं, उद्या मला न्यायला अजिबात येऊ नकोस, माझी मी येईन. सव्वासातला घरून निघते. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर साडेसातपर्यंत उभी असते. पावणेआठलाही असेन.