बोर्ड लाव

अण्णा,

काल क्लबातून फोन आला आणि माझं डोकं फिरलं. तुमचा फोटो लावणार आहेत म्हणे, मल्लेश्वरमच्या मैदानाला लागून असलेल्या त्या खोलीत, जिथे आम्ही बूट बदलायचो. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांची मुलगी, वर त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या. सरांबद्दल स्वल्प लिहून आणा. शिस्त, निष्ठा, ते सगळं." ते सगळं! मी "सरी", म्हणजे बरं, म्हणून फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले. शिस्त हा शब्द लिहिला आणि पुढे हात चालेना. शेवटी तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला. हा कुणाला द्यायचा नाही, त्यामुळे आज तोंड सांभाळायची गरज नाही. तुम्ही होतात तोवर मी ते पुष्कळ सांभाळलं.

तुम्ही बास्केटबॉलचे चांगले प्रशिक्षक होता असं सगळं बेंगळुरू म्हणतं. म्हणू दे. तुम्ही एकच गोष्ट शिकवलीत आणि ती आयुष्यभर शिकवलीत. बोर्ड लाव. बास्केटकडे बघायचं नाही, मागच्या बोर्डावरच्या चौकोनाकडे बघायचं, चेंडू तिथे आपटायचा, तो आपोआप खाली रिंगमध्ये पडतो. क्लबातले बोर्ड लाकडाचे, जाड फळ्यांचे, उन्हापावसाने मऊ झालेले. चेंडू त्यावर लागला की त्याचा जोर मरायचा आणि तो अलगद रिंगमध्ये उतरायचा. तुम्ही स्वतः त्या खांबावर चढून दरवर्षी बोर्डाला पांढरा रंग द्यायचात, चौकोन काळ्या रंगाने आखायचात. आयुधपूजेला सगळी गल्ली आपापल्या स्कूटर धुवायची, तुम्ही बोर्ड धुवायचात. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, खांबाला झेंडूची माळ आणि खाली फोडलेला कुंकवाचा कोहळा. मी लहान असताना मला वाटायचं की देव त्या बोर्डातच राहतो. तुम्हाला बहुधा मोठेपणीही तसंच वाटत होतं.

कारखान्याचा मुलींचा संघ तुमच्याकडे आला तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. सरकारी कारखाना, तुम्ही तिथे क्रीडा विभागात कायम नोकरीवर. मला निवड चाचणीतून घेतलं, तुमच्या शब्दाने नव्हे, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत फिरायचे. सकाळी ऑफिसात टंकलेखन, जेवणानंतर सराव. आमच्यातल्या बाकीच्या कायम झालेल्या होत्या. दोघीच तात्पुरत्या नेमणुकीवर, मी आणि आमची उंच सेंटर, रिंगखाली खेळणारी. ती हासनकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहायची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान म्हणून मला अक्का म्हणायची. शेतातल्या कामाने तिचे हात असे झाले होते की चेंडू एकदा तिच्या पंजात गेला की तो काढून घेणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

त्या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही. हे खरंच घडलं होतं, आता सांगितलं तर माझ्या शाळेतल्या मुली गालातल्या गालात हसतात. लीगचे सगळे सामने शहरातल्या क्लबांच्या उघड्या सिमेंटच्या मैदानांवर व्हायचे आणि सगळीकडे बोर्ड लाकडीच. आम्ही येऊन बोर्ड लावायचो आणि जिंकून घरी जायचो. कन्नड पेपरात आमचा फोटो आला, त्यात तुम्ही मधोमध हाताची घडी घालून. पर्सोनेल खात्याचे साहेब एरवी आमच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत, ते मैदानावर चहा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाद फेरीत पहिल्या चारात या, या दोघींना कायम करतो." तुम्ही तिथेच उभे होता. तुम्ही मान हलवलीत. सेंटरने त्या दिवशी वसतिगृहातून गावी पत्र टाकलं की बहिणीला शिकायला इकडे पाठवा, मी ठेवून घेईन.

पहिल्या चारात यायला एकच सामना जिंकायचा होता. समोर बँकेचा संघ, कसाबसा आठवा आलेला. लीगमध्ये त्यांना आम्ही धुतलं होतं. फक्त हा सामना इनडोअर स्टेडियमला होता. लाकडी जमीन, वर दिवे आणि काचेचे बोर्ड.

आदल्या दिवसाची सकाळ मला आत्ता दिसते आहे. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अवरेकाईच्या शेंगा सोलते आहे, थंडीचे दिवस, घरभर तो वास. तुम्ही पाटावर बसून जेवताय. मी दाराशी उभी राहून विचारते, "अण्णा, आज दुपारी स्टेडियमवर आपल्याला तासभर सरावाला दिलंय. जाऊ या ना. मुलींनी काचेचा बोर्ड पाहिलेलासुद्धा नाही."

तुम्ही घास संपवलात. "मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी आपण आपल्याच मैदानावर असतो."

"पण तिथे चेंडू फार उसळतो म्हणतात."

"बोर्ड म्हणजे बोर्ड. हात बरोबर असला की लाकूड काय नि काच काय."

आई म्हणाली, "अहो, ती विचारतेय तर न्या ना एकदा. बघून येतील पोरी." तुम्ही आईकडे न बघता म्हणालात, "सांबार वाढ." विषय संपला. घरात तुमचे विषय असेच संपायचे. दुपारी आम्ही क्लबात तुमच्या हळदकुंकवाच्या बोर्डावर चेंडू मारत बसलो आणि स्टेडियमवरच्या आमच्या तासात, नंतर कळलं, बँकेच्या मुलींनी सराव केला. तुम्हीच तो तास सोडून दिला होतात, वाया कशाला घालवायचा म्हणून. केवढं मोठं मन.

सामना सुरू होतो आणि दोन मिनिटांत सगळं कळतं. सेंटर रिंगखालून उठते, नेहमीसारखा चौकोनावर मारते आणि चेंडू रिंगच्या वरून उडून थेट बँकेच्या मुलीच्या हातात जातो. परत तेच. काचेतून पलीकडचे लोक दिसतात, त्यांची डोकी हलतात, चौकोन डोळ्याला सापडत नाही. सेंटर धावता धावता माझ्याजवळ येऊन म्हणते, "अक्का, ई बोर्ड बेरे." हा बोर्ड वेगळा आहे. खेड्यातून आलेल्या मुलीला दोन मिनिटांत कळलं ते तुम्हाला मध्यंतरापर्यंत कळलं नाही. मध्यंतरात तुम्ही कन्नडमध्ये सगळ्यांना सांगितलंत, बोर्ड लावा, हात बसेल. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आणि तू शहाणपणा करू नकोस." मैदानावर मराठी तुम्ही फक्त ओरडायला वापरायचात. आपली घरातली भाषा, इतर कुणाला न कळणारी, आणि तिच्यात तुम्ही मला एकदाही शाबास म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी शहाणपणा केला. दुसऱ्या अर्ध्यात उजव्या कोपऱ्यावर मला मोकळी जागा मिळाली आणि मी बोर्डाकडे बघितलंच नाही. सरळ रिंगवर टाकला. गेला. जाळीचा तो आवाज क्लबात आम्ही कधी ऐकला नव्हता, तिथे जाळीच नसायची. थोड्या वेळाने पुन्हा तीच जागा, पुन्हा सरळ, पुन्हा गेला. आम्ही बरोबरीत आलो. सेंटरने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे कोलमडले. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं तुम्ही हसाल. खरंच वाटलं.

तुम्ही मला बाहेर बोलावलंत. "माझ्या संघात माझं ऐकणारी पाहिजे," तुम्ही म्हणालात, आवाज न चढवता. "बस." आणि माझ्या जागी एक राखीव मुलगी पाठवलीत. ती बिचारी तुमच्या शब्दाबाहेर नव्हती. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू तिच्याकडे आला, उजव्या कोपऱ्यावर, अगदी माझ्याच जागी, कुणीही अंगावर नाही. तिने मान वर केली, चौकोन शोधला आणि बोर्ड लावला. चेंडू काचेवर आपटून रिंगच्या पुढच्या काठावरून बाहेर आला. शिट्टी झाली. मी मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर बसले होते आणि माझ्या हातांना करायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कॉफी घेताना एकच प्रश्न विचारलात. ना वाईट वाटलं म्हणालात, ना चुकलं. विचारलंत, "तो शेवटचा तू टाकला असतास तर गेला असता?"

मी म्हटलं, "गेला असता."

तुम्ही कप खाली ठेवलात आणि आंघोळीला गेलात. पुढे त्या सामन्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. 

पर्सोनेलचे साहेब पुन्हा चहा घेऊन आले नाहीत. उन्हाळ्याच्या आत आम्हा दोघींच्या नेमणुका संपल्या आणि वर्षभरात मुलींचा संघच बंद केला. तुमची नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत शाबूत राहिली. सेंटरला मी मॅजेस्टिकच्या स्टँडवर गावच्या बसमध्ये बसवून दिलं. तिचे बूट तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेतले होते. मी काहीबाही बोलत होते, परत बोलावतील, दुसरा कारखाना बघू. ती म्हणाली, "सरी अक्का." तुमच्याबद्दल वाकडा शब्द बोलली नाही. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी घरी आले तर तुम्ही अंगणात चेंडूला पंपाने हवा भरत होतात.

मला तुम्ही काकांच्या चिकपेटच्या दुकानात लावून दिलंत. "तात्पुरतं," म्हणालात. तात्पुरतं या शब्दाशी माझं तुमच्यामुळे फार जमलं. चार वर्षं मी बायकांसमोर साड्या उलगडल्या आणि त्या गेल्यावर परत घड्या घातल्या. कधी एखादी कारखान्यातली ओळखीची बाई यायची, "अय्या, तू इथे? खेळत नाहीस आता?" मी तिला काठ दाखवायचे. लग्न होऊन जे. पी. नगरला आले, एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले, ते माझं मी. त्यात तुमचा हात नाही, हे इथे लिहून ठेवते.

आणि तुम्ही शेवटी माझ्याकडेच आलात. आई गेल्यावर दुसरीकडे कुठे जाणार होता. अंथरुणाला खिळलात, माणसं ओळखेनाशी झाली, मला कधी आईच्या नावाने हाक मारायचात. एक दुपार अशी होती की मी तुम्हाला मऊ भात भरवत होते. तुम्ही तोंड मिटून घेतलंत आणि माझ्याकडे अगदी नीट, पूर्वीसारखं बघितलंत. "तो गेला असता का गं?"

कुठला तो, हे मला विचारावं लागलं नाही. घरातली सगळी नावं तुम्ही विसरला होता, पण तो चेंडू तुमच्या डोक्यात अजून हवेतच होता. तुम्हाला काय हवं होतं तेही मला कळलं. "काय माहीत, अण्णा, चुकलाही असता." एवढंच. एवढ्यावर तुम्हाला झोप लागली असती.

मी म्हटलं, "गेला असता." आणि पुढचा घास पुढे केला.

तुम्ही "सरी" म्हणालात आणि तोंड भिंतीकडे वळवलंत. त्या दिवशी उरलेला भात तुम्ही खाल्ला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. तुम्ही एका बोर्डापायी दोन मुलींची नोकरी घालवलीत, एकीची बहीण शिकायची राहिली आणि त्याबद्दल तुम्ही कधी चुकलं म्हणाला नाहीत. माझ्याकडून दिलासा कसला मागता.

उद्या क्लबात जाईन. शिस्तीबद्दल दोन ओळी वाचीन, हार घालीन, लोक टाळ्या वाजवतील. तिथेही आता बोर्ड काचेसारखेच आहेत, तुमचे लाकडी कधीच काढून टाकले. हा कागद घरीच राहील.

फक्त एक आहे, अण्णा, जे मी तुम्हाला दोन्ही वेळा सांगितलं नाही. तो गेला असता की नाही, मला माहीत नाही. शाळेच्या मैदानावर मुली घरी गेल्या की मी उजव्या कोपऱ्यावर उभी राहते आणि सरळ टाकते. कधी जातो, कधी नाही. तो चुकलाही असता. पण माझ्या हातून चुकला असता, आणि तुम्ही मला बाकावर बसवून विचारत राहिलात.