फोनवरची उशी

प्रिय लिव्यू,

तुझी बहीण आउरिका उद्या तुमच्या यास शहरी परत निघते आहे, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते. टपालात टाकलं असतं तर मधल्या मंडळींना उगाच वाचायचे कष्ट. इकडे बुखारेस्टला घरातही कोट घालून बसावं लागतं. काल कोंबडीच्या रांगेत उभी राहिले, हाती आले नुसते पाय. शेजारच्या वेतुरियाकाकू म्हणाल्या, "बाकीची कोंबडी परदेशी गेली गं. पाय तेवढे देशप्रेमी, इथेच राहिले." सगळी रांग खाली मान घालून हसली.

तुझी कादंबरी वाचली. तू दिली नव्हतीस. प्रकाशनगृहात आपली टेबलं समोरासमोर होती तेव्हा तुझी ओळ न् ओळ आधी माझ्याकडे यायची, म्हणून थोडं लागलं. असो. वाचायला घेतली आणि खाली ठेववेना. चहूबाजूंनी समुद्र असलेला तुझा तो बिननावाचा देश, आणि मेलेल्या माणसासाठी कुणी किती रडायचं तेसुद्धा ठरवून देणारं ते सरकार. मुलासाठी रडता यावं म्हणून दिवसभर कांदे चिरत बसणारी ती म्हातारी वाचताना मीही रडले, आणि माझ्या घरात तर कांदासुद्धा नव्हता. इतकं चांगलं तू आजवर लिहिलं नव्हतंस. हे माझं खरं मत आहे, नीट लक्षात ठेव.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. म्हातारी मनातलं बोलण्याआधी फोनवर उशी ठेवते, आत लपवलेल्या सरकारी कानांना ऐकू जाऊ नये म्हणून. अरे वेड्या, समुद्र आणलास, पैसा बदललास, माणसांची नावं बदललीस आणि उशी आपलीच ठेवलीस? तुला वाटलं असणार, जगात सगळेच तसं करतात. मलाही ते दुसऱ्या वाचनातच खटकलं, कारण वाचताना माझ्या फोनवरही उशी होतीच. दुसरी गोष्ट तुझ्या नायकाची. शेवटी अधिकारी त्याला डिवचतात आणि तो ताडकन उठून सगळं खरं बोलून टाकतो. हा नायक नव्हे, हा तू. तुरुंगाची भीती घातली तर तू गप्प बसशील, पण तुझं वाक्य वाईट आहे म्हटलं की संपलं. या स्वभावापायीच आपलं लग्न ठरता ठरता राहिलं. तरी माझा जीव त्याच्यावरच होता, अजूनही आहे.

आता हे सगळं का लिहिते ते सांगते. तू विश्वासानं ज्याला कुणाला वाचायला दिलंस, त्यानं तुझं बाड वर पोचवलं. तिथले एक साहेब ते माझ्याकडे घेऊन आले, सोबत खऱ्या कॉफीचा पुडा. म्हणाले, "बाई, तुम्ही वाचण्याचाच पगार घेता. हा कुठला देश म्हणायचा, मला काही कळेना. आपला तर नाही ना, तेवढं लिहून द्या." उशी त्यांच्या नजरेतून सुटली होती, त्यांच्याही घरी असणारच. मी लिहून दिलं की हा देश कुठलाच नाही, कारण लेखकाला कल्पनाशक्तीच नाही. कादंबरी कंटाळवाणी आहे, छापली तरी दहा पानांपुढे कुणी जाणार नाही. म्हातारीला मी 'रडकी आणि अनावश्यक' म्हटलं. भिकार पुस्तकासाठी कुणाला आत टाकत नाहीत. आता ते तुला बोलावतील आणि माझं मत मोठ्यानं वाचून दाखवतील. तू चिडून एकदा जरी म्हणालास की हे पुस्तक आपल्याबद्दल आहे, तर तू घरी परत येणार नाहीस. तेव्हा लिव्यू, उठू नकोस. मान खाली घाल आणि म्हण, "बाई बरोबर म्हणतात, मला लिहिता येत नाही." एवढं एक खोटं वाक्य माझ्यासाठी बोल, आणि हे पत्र चुलीत टाक.

तुझ्यावर सर्वांत वाईट लिहिणारी, आणि तरीही तुझीच,
स्मारांदा