घाण येतेय का?

२ एप्रिल
जपानात, साकाईतली नवी नोकरी! आईच्या आजारपणात सहा वर्षं घरी काढल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा प्रयोगशाळेत कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. काम जुन्या ओळखीचं: गंधक मिसळलेली पांढरी पूड दाबून टिकली करायची आणि त्या घट्ट टिकलीतून लिथियमचे आयन किती वेगाने सरकतात ते मोजायचं. पुढे यातूनच बॅटऱ्या होतील. माझ्या आधीच्या ओगाकीसानना मिळालेला आकडा मला मार्चपर्यंत पुन्हा मिळवायचाय. नाहीतर करार संपला.

पुडीला दमट हवा लागली की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. म्हणून इथे दार उघडणारा आधी ओरडतो, घाण येतेय का? आतल्याने म्हणायचं, येतेय! माझ्या वरिष्ठ ताकात्सुजीसान हसून म्हणाल्या, की अगं, घाण येतेय तोवर आपण जिवंत. वायू वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस. यायची थांबली की पळ काढायचा, चपला शोधत बसायचं नाही.

९ एप्रिल
पूड हाताळायची बंद काचपेटीत, तिलाच जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांतून. आतल्या दाबाने ते बाहेर ताठ उभे राहतात, कुणी हात पुढे केल्यासारखे. डावा आतून ओला, कोमट, चिकट. शिसारी आली. कोण वापरतं, विचारलं. ओगाकी गेल्यापासून कुणीच नाही, ताकात्सुजीसान म्हणाल्या.

१४ मे
आकडा निम्माही येत नाही. केसांना, उशीला, भाताला तीच घाण. ट्रॅममध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून उठून गेली.

डाव्या मोज्यात काहीतरी टोचलं. नख. माझं नव्हे.

११ जून
हवा ओलीचिंब. खोदून विचारलं, तेव्हा ताकात्सुजीसान म्हणाल्या, ओगाकी पेटीपाशी उभीच सापडली. दोन्ही हात मोज्यांत, समोर पडद्यावर तो आकडा.

१७ जून
मोज्यात बोटं आहेत. बुळबुळीत, सालं निघालेली — माझ्या बोटांत गुंतली. बेसिनमध्ये ओकले.
पण आकडा चढला. जवळजवळ तिच्याइतका —
उद्या एकदाच.

१८ जून
सकाळी नात्तोला, त्या उग्र वासाच्या आंबवलेल्या सोयाबीनलाही, वास नव्हता. सर्दी असेल.

दुपार. आकडा आला! तंतोतंत तिचा —
घाण येत नाहीये.
पळायला हवं. डावा हात सुटत नाही, उजव्याने लिहितेय —
दारातून ताकात्सुजीसाननी विचारलं, घाण येतेय का?
नाही म्हणायला तोंड उघडलं, आवाजच —
माझ्या कानाशी कुणीतरी हसून ओरडलं, येतेय!
दार लागलं. तिच्या चपलांचा आवाज लांब जा—